दर्शनचं काय उरलं

ठाकुर्ली,
४ फेब्रुवारी २०२४

चि. रचना,

सवयीने ‘चि. सौ.’ लिहून गेले आणि मग ‘सौ.’ खोडलं, ते तुला दिसेलच. नवा कागद घेता आला असता. नाही घेतला.

फोन का केला नाही, तर माझा डावा कान आता पूर्ण बसलाय. उजव्याला यंत्र लावूनही फोनवरचं अर्धंच कळतं आणि उरलेलं अर्धं मी माझ्या मनाने भरते. आपल्या दोघींत आता असं भरून चालणार नाही.

दर्शनच्या वर्षश्राद्धाला तू न जेवता निघून गेलीस. पानं मांडत होतो, मी तुझं मनगट धरलं आणि म्हटलं, “माझा मुलगा अजून तुझ्याकडे आहे.” सगळ्या बायकांनी ऐकलं. तू हात सोडवून घेतलास आणि चपला घातल्यास. मला त्या वाक्याची लाज वाटत नाही. चारचौघींत बोलले, त्याची वाटते.

मी तर्कशास्त्र शिकवणारी बाई, म्हणून आधी निर्विवाद तेवढं मांडते. दर्शनला रक्ताचा कॅन्सर निघाला. केमो सुरू करण्याआधी डॉक्टर म्हणाले, नंतर मूल होईल याची खात्री नाही, आत्ताच काय ती सोय करून ठेवा. तुम्ही दोघांनी ती केलीत. तीन भ्रूण ठाण्याच्या त्या दवाखान्यात गोठवलेले आहेत. तो गेला, ते आहेत.

आता प्रश्न. कल्याणच्या कॉलेजात मी एकतीस वर्षं ‘जगण्याचा अर्थ काय’ यावर बोलले. पण जिवंत असणं म्हणजे काय, हे कधी विचारलं नाही. ते शेजारच्या जीवशास्त्र विभागाचं काम, असं मानत आले. तू त्या शेजारच्या विभागातली. सांग मला, ते तिघं जिवंत आहेत का?

हे बरे आहेत. जमिनीच्या उरलेल्या तुकड्यात वांगी लावलीत. दोन्ही बाजूंनी टॉवर उठलेत, ऊन दुपारी तासभर येतं, तरी लावलीत.

तुझी,
आई

*

ठाणे, चेंदणी कोळीवाडा
२१ फेब्रुवारी

ती. आई,

नमस्कार. मी शेवटचं पत्र बहुतेक दहावीच्या पेपरात लिहिलेलं. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

हो, जिवंत आहेत. नायट्रोजनमध्ये सगळं थांबलेलं असतं. वाढ नाही, श्वास नाही, मरणंही नाही. पण बाहेर काढून ऊब दिली की परत सुरू होतं. म्हणजे जिवंतच.

पण मग हेपण ऐका. दर्शनच्या रक्तातल्या ज्या पेशींनी त्याला मारलं, त्या सगळ्यात जास्त जिवंत होत्या. पेशीला एकच काम येतं, एकाचं दोन होणं. त्या ते काम न थकता करत होत्या. एफवायच्या मुलांना मी पहिल्याच लेक्चरला सांगते, जीवशास्त्राला विचाराल तर जगण्याचा अर्थ एवढाच, टिकायचं आणि पुढं जायचं. यंदा फळ्यासमोर उभी राहिले आणि ते वाक्य तोंडातून निघेना. ते खरं असेल तर त्या वॉर्डात सगळ्यात अर्थपूर्ण आयुष्य त्या पेशींचं होतं, दर्शनचं नाही. हजेरी घेतली आणि मुलांना सोडून दिलं.

गंमत बघा. तुम्ही माझ्याकडे पेशी मागताय. आणि मी तुमच्याकडे अर्थ मागायला येणार होते.

दवाखान्यातून फोन आलेला. पुढं ठेवायचे की नाही, ते जूनच्या आत कळवा म्हणाले. मी काहीच ठरवलेलं नाही. माझ्या आईकडेच आहे अजून. आमच्या फ्लॅटवर आठवड्यातून एकदा जाऊन खिडक्या उघडते आणि येते.

बाबांना नमस्कार.

रचना

*

ठाकुर्ली,
१० मार्च

चि. रचना,

माझ्याकडे अर्थ मागू नकोस. होता तो मी मुलांना वाटून टाकला. ‘अर्थ बाहेरून मिळत नाही, माणूस तो आपल्या कृतीतून घडवतो.’ मुलं परीक्षेत हेच लिहायची, मी गुण द्यायचे. दर्शन गेल्यावर आमच्या विभागातल्या एक बाई भेटायला आल्या आणि त्यांनी माझंच ते वाक्य मला ऐकवलं. मी त्यांना चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं.

भाजी आणायला गेले की एखादा पाठमोरा मुलगा दिसतो, एक खांदा किंचित उतरलेला. दर्शनचा उजवा खांदा तसा होता, तुला काय सांगायचं. मी झपाझप चालायला लागते. आधी पुढं जाऊन चेहरा बघायचे. आता बघत नाही. चेहरा बघितला नाही तर घरी येईपर्यंत तो दर्शनच असतो.

कुठल्या पुस्तकात या चालण्याला काय नाव आहे, मला माहीत नाही. इतकं कळतं की बुद्धीने जे मी आयुष्यभर नाकारलं, रक्त, वंश, कूळ, ते सगळं आता दाराशी येऊन बसलंय आणि मी त्याला आत घेतलंय.

मी आग्रह करत नाही. तू शिकलेली आहेस, तुझं शरीर, तुझा निर्णय.

ह्यांनी माळ्यावरून पाळणा खाली काढलाय. मी सांगितलं नव्हतं. अंगणात बसून त्याला तेल लावत होते. विचारलं तर म्हणाले, लाकूड किडतं. तेवढंच.

आई

*

ठाणे,
२ एप्रिल

आई,

पाळण्याचं मला कशाला कळवलंत? ‘आग्रह करत नाही’ असं लिहायचं आणि खाली पाळणा ठेवायचा. तुमच्या तर्कशास्त्रात याला काहीतरी नाव असणार.

आणि दर्शनचं म्हणणं काय होतं, हे तुम्ही मला एकदाही विचारलं नाही. कुणीच नाही विचारलं. तर सांगते.

दुसऱ्या केमोनंतर तो बरा होता. आम्ही हॉस्पिटलच्या गॅलरीत बसलेलो. म्हणाला, “मुलगी झाली तर पायल नाव नको हां. आमच्या वर्गात तीन पायल होत्या, एकीला हाक मारली की तिघी बघायच्या.” खूप हसला. हसताना त्याच्या हिरडीतून रक्त आलं, ते पुसून परत हसला.

आणि शेवटच्या आठवड्यात, दुपारी, मी त्याचे पाय चेपत होते. डोळे न उघडता म्हणाला, “माझ्या मागं माझं काही ठेवू नकोस. तू राहा फक्त.”

दोन्ही त्याचंच. एक तापात नव्हतं आणि दुसरं भ्रमात नव्हतं. मी कुठलं धरू? तुम्ही त्याची आई ना, सांगा, यातला तुमचा मुलगा कुठला?

रचना

*

ठाकुर्ली,
१९ जून

चि. रचना,

एप्रिलपासून तुझी एक ओळ नाही. मी मेमध्ये लिहिलं, त्याला उत्तर नाही. पुतण्याला, मयूरला, आंबे घेऊन पाठवलं तर तुझ्या आईने, शेवंतीबाईंनी, दारातच पेटी घेतली. तू झोपली आहेस म्हणाल्या. भर दुपारी बाराला. कॉलेजात चौकशी केली तर तू रजेवर. शेवंतीबाई तशा बोलक्या, पण त्या दिवशी मयूरला पाणीसुद्धा विचारायला विसरल्या.

मी मूर्ख नाही. तू ते तिघं सोडून दिलेस आणि मला सांगायला धजत नाहीस, असं असेल. किंवा तुझ्या आयुष्यात दुसरं कुणी आलं असेल. सदतीस वर्षांच्या मुलीने का येऊ देऊ नये? दोन्हीपैकी काहीही असो, ऐक.

माणूस हे दुसऱ्या कुणासाठीचं साधन होऊ शकत नाही. गेलेल्याला परत आणायला म्हणून कुणाला जन्माला घालू नये. तशा मुलाला पहिल्या दिवसापासून दुसऱ्याचा चेहरा लावून हिंडावं लागेल. तो डावखुरा निघाला तर आपण मनातून रुसू. आजी म्हणून मी त्याच्याकडे बघणार नाही, त्याच्यातून पलीकडे बघणार. हे मी शिकवलेलं आहे आणि मला ते मान्य आहे.

म्हणून माझ्याकडून तू मोकळी आहेस. पाळणा परत माळ्यावर ठेवायला सांगितलाय.

फक्त खुशाली कळव.

आई

*

ठाणे,
३ जुलै

ती. आई,

तुमचं मोकळं करणारं पत्र मिळालं, त्याच्या आदल्याच दिवशी सगळं संपलेलं.

सरळ सांगते. मे महिन्यात मी दवाखान्यात गेले. तिघांपैकी दोन त्यांनी माझ्या गर्भाशयात ठेवले. माझ्या आईशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तुमच्यासाठी नाही केलं, पाळण्यासाठी तर नाहीच नाही. मुलांना घेऊन खाडीवर गेलेले एका सकाळी. ओहोटी होती. तिवरांखालच्या चिखलात निवटी माशांचे नर उड्या मारत होते, एकेक जण आपल्या बिळाशी. मुलं विचारत होती, मॅडम, हे असं का करतात? मी नेहमीचं उत्तर दिलं, मादीला बोलवायला, पिल्लं व्हावीत म्हणून. पण मनात आलं, यांना कुणी कारण विचारत नाही, मग मला तरी कशाला? मला मूल पाहिजे, कारण मला पाहिजे. त्याच आठवड्यात फोन केला.

दोनातला एक रुजला. काही आठवडे मी गरोदर होते, आई. मयूर आला तेव्हा मळमळत होतं म्हणून पडलेले. तुमचे आंबे मीच संपवले, एकटीने, आईलापण दिले नाहीत.

मग एका सकाळी रक्त गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं, कुणाची चूक नसते. वर्गात मीपण हेच सांगते.

तुमचं पत्र मी परत परत वाचलं. ते खोटं आहे. दात आवळून लिहिलंय, अक्षरच सांगतं. पण त्यातलं म्हणणं खरं आहे. त्या आठवड्यांत मी पोटावर हात ठेवून बोलायचे. आज पाणी आलं नाही, आज कॉलेजात अमुक झालं, तुझी आई रागावली असणार. मी बाळाशी नव्हते बोलत, दर्शनशी बोलत होते. आत जे कुणी होतं, त्याला मी एकदाही हाक मारली नाही. जाईपर्यंत मारली नाही.

एक गोष्ट तुम्हाला कधीपासून सांगायची होती. बाळ पोटात असताना त्याच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात. बाळंतपणानंतरही सगळ्या जात नाहीत. कित्येक बायकांच्या शरीरात त्या पुढं कितीतरी वर्षं सापडल्यात, काळजात, यकृतात, मेंदूतसुद्धा. त्या तिथं काय करतात, हे नक्की कुणाला कळलेलं नाही. म्हणजे तुमच्यात दर्शनच्या पेशी अजून असू शकतात. खात्री नाही, पण असू शकतात. मी सांत्वन म्हणून नाही सांगत, शास्त्र म्हणून सांगते.

माझं इतक्या लवकर गेलं, माझ्यात काही राहिलं असेल असं वाटत नाही.

तिसरा अजून तिथंच आहे.

रचना

*

ठाकुर्ली,
१४ जुलै

माझ्या बाळा,

पत्र खोटं होतं, कबूल. तू उत्तम परीक्षक आहेस.

तू त्या अवस्थेत असताना मी तुला दुसऱ्या लग्नाचं लिहीत होते. आणखी काही लिहीत नाही त्यावर, नाहीतर हे पत्र पुरं होणार नाही.

पेशींचं मी ह्यांना वाचून दाखवलं. हे माझ्याशी आयुष्यभर आगरीत बोलले आणि मी पुस्तकी उत्तरं दिली. सगळं ऐकून घेतलं त्यांनी आणि विचारलं, “कंच्या जागी?”

मी म्हटलं, काळजात असतील, डोक्यात असतील, कुणी सांगावं. त्यांनी माझा हात घेतला, उलटा केला, सुलटा केला, बाजारात भेंडी बघतात तसा. मग सोडला आणि म्हणाले, “मंग तुना बरा हाय. मना काय?”

आणि बाहेर जाऊन वांग्यांना पाणी घालत राहिले. पाऊस पडून गेला होता, वाफ्यात घोटाभर पाणी होतं.

रचना, त्यांचंही मूल गेलंय, हे इतक्या दिवसांत मला आणि आल्यागेल्या कुणालाच सुचलं नाही. सगळे माझ्यापाशी बसले. ते खुर्च्या उचलत होते, लोकांना चहा देत होते.

आणि मला वाटलं होतं, पेशींचं कळल्यावर मला शांत वाटेल. वाटलंही, दोन दिवस. बसल्या बसल्या छातीवर हात ठेवून बघितला. मग लक्षात आलं, तो माझ्या आत असेल तर मला दिसणार कसा? तो कुठं आहे, हे माझं दुखणं नाहीच. तो समोर नाही, हे आहे. यावर तुझं शास्त्र गप्प आणि माझंही.

तू ये. कशासाठी म्हणून नको, नुसती ये. पोटात काही असो, नसो. तिसऱ्याचं काय करायचं, ते मी विचारणार नाही. या वेळी खरंच विचारणार नाही.

आई

*

ठाणे,
२२ सप्टेंबर

ती. आई,

गुरुवारी बाबा ठाण्याला जमिनीच्या कामाला आलेले नव्हते. त्यांनी तुम्हाला काहीच सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते.

गणपतीत मी तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही शब्द पाळलात, विचारलं नाहीत. मी मात्र वांग्यांपाशी बाबांना सांगितलं की तिसरा मी सोडून देतेय. डॉक्टर म्हणाल्या होत्या, अजून एकदा बघायला हरकत नाही. पण मला माहीत होतं, मी परत दर्शनशीच बोलत बसेन. ज्याला यायचंय त्याला स्वतःच्या नावाने यायला मिळायला पाहिजे. एवढंच बोलले. बाबा वाफ्यातलं तण काढत होते. हात न थांबवता म्हणाले, “मना बगाला मिलंल?”

मी दवाखान्यात विचारलं. असं कुणी मागत नाही म्हणाल्या डॉक्टर, पण हो म्हणाल्या.

बाबा पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्यांना डोक्याला टोपी आणि पायात पिशव्यांसारखं काहीतरी घालायला दिलं, त्यांनी निमूट घातलं. आत पडद्यावर दाखवलं. तुम्हीपण बघितलेलं नाही म्हणून सांगते, भिजलेल्या साबुदाण्यासारखा दिसतो. कडेला स्वच्छ वर्तुळ आणि आत बारीक बारीक पेशींचा पुंजका. डॉक्टर समजावत होत्या. बाबा ऐकत नव्हते. ते पडद्याच्या अगदी जवळ गेले, या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं. काहीतरी शोधत होते. खूप वेळ.

मग सरळ उभे राहिले आणि म्हणाले, “यो दर्शन नाय.”

डॉक्टर काही बोलायला लागल्या, मी त्यांना थांबवलं. बाबांनी पडद्याला हात जोडले, अनोळखी पाहुणा निघाला की जोडतो तसे. आम्ही बाहेर आलो. मी सही केली.

खाली पायऱ्यांवर ते बसले ते उठेनात. मला वाटलं चक्कर आली. पाणी आणलं. ते रडत होते, आई. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. मी शेजारी बसले. थोड्या वेळाने म्हणाले, “इतके दिस मना वाटं, पोर थंडीत हाय.”

मी इतकं शिकवते, भ्रूण म्हणजे काय, पेशी म्हणजे काय, आणि बाबांना कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. पावणेदोन वर्षं ते रोज रात्री मनातल्या मनात त्याच्यावर पांघरूण घालत असणार. तो पाळणासुद्धा त्यांनी नातवासाठी काढला नव्हता, दर्शनसाठीच काढला होता. तुम्हाला आणि मला दोघींना मात्र नातवासाठीच वाटला होता.

मग त्यांना माझ्या आईकडे घेऊन आले. तिने बोंबील तळले. बाबा जेवले, दोनदा भात घेतला, आणि जेवता जेवता बोलायला लागले. दर्शन सहा वर्षांचा असतानाचं. त्यांच्या मामाचं मिठागर होतं ना, तिथं नेलेलं त्याला. हा दुपारी नाहीसा झाला. मिठाच्या राशी, मध्ये पाणी, बांधावर कुणी नाही. सगळं गाव शोधायला निघालं, कुणी पाण्यात उतरलं, तुम्ही म्हणे अनवाणी धावत होतात आणि मिठाने तळवे फाटले तरी तुम्हाला कळलं नाही. बाबा सांगत होते आणि माझी आई हातातला झारा तसाच धरून उभी. तेवढ्यात मयूरचा फोन आला, गाडी घेऊन जवळच आलोय, चला पटकन, पुढं ट्रॅफिक होईल. बाबा हात धुऊन निघाले.

तो माझ्याकडे सत्ताविसाव्या वर्षी आला, आई. त्याआधीचा मी बघितलेलाच नाही. मला वाटायचं दर्शन म्हणजे मला भेटला तेवढा, आणि तेवढा संपला. मला तो अजून पाहिजे. जेवढा होता तेवढा सगळा पाहिजे. तिसऱ्याला सोडून आले त्या रात्री मी त्याच्यासाठी रडले नाही, मी मिठागरातल्या पोरासाठी जागी राहिले.

शनिवारी येते, राहायला. तोपर्यंत बाबांना काही विचारू नका, तुम्हीपण काही लिहून कळवू नका. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय, तो सापडला कुठं.

तुमची,
रचना